दम

‘दम’ या दोन अक्षरांवर आपल्या भाषेने किती ओझे लादले आहे, याचा विचार मी कधी केला नव्हता. जिना चढताना आपल्याला दम लागतो. चढून झाल्यावर आपण दम खातो. मुलांना दम देतो. उसने पैसे मागावयास आलेल्या स्नेह्याला ‘जरा दम धर’ म्हणतो. आणि एखाद्याच्या बोलण्यात अर्थ नसला की ‘यात काही दम नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. श्वास, विश्रांती, धाक, धीर आणि सामर्थ्य अशा पाच निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या दावणीला बांधताना आपल्या पूर्वजांनी फारसा विचार केला नसावा, असे मला वाटत असे. मी पडलो इंग्रजीचा अध्यापक. एका अर्थाला एक शब्द हवा, हा माझा आग्रह. गेल्या फाल्गुनात माझ्या मोटारीने माझा हा गैरसमज दूर केला.

ही मोटार माझ्याकडे अकरा वर्षे आहे. ती काही कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगी नव्हे. परंतु इतक्या वर्षांत तिने मला रस्त्यात कधी दगा दिला नव्हता. मंगळवेढ्याच्या आमच्या गल्लीतून ती मागे घेताना शेजारची मुले मला ज्या उत्साहाने सूचना करतात, तो पाहिला म्हणजे ही गाडी माझ्या एकट्याची नसून सबंध गल्लीची आहे, असेच वाटते. माघ महिन्यात गल्लीत गटाराचे काम निघाले आणि गाडी दारात उभी करण्याची सोय राहिली नाही. तेव्हा थोरल्या चुलतबंधूंच्या शेतावर, गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीशेजारी मी ती पंधरा दिवस ठेवून दिली. ‘आबा, जरा लक्ष असू द्या,’ असे मी बंधूंना सांगितले. ‘हितं कोण नेतंय तुझी गाडी?’ असे म्हणून त्यांनी लक्ष ठेवण्याचे कबूल केले.

गाडी कोणी नेली नाही; पण पंधरा दिवसांनी ती घरी आली तेव्हा तिच्यात काहीतरी बदल झालेला होता. चावी फिरवताच इंजिन पूर्वीसारखेच चालू होई. उभ्या जागी त्याचा आवाज एकसारखा, शांत. गल्लीबोळातून, बाजारपेठेतून हळूहळू जाताना कसलीच तक्रार नसे. मात्र मोकळ्या रस्त्याला लागून पायाने जोर द्यावा, तर गाडी म्हणून पुढे येईना. झोपमोड झालेल्या माणसाला हाक मारली म्हणजे तो ‘ओ’ देतो पण उठत नाही, तसा तिचा प्रकार झाला होता. आमच्याकडे याला ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. जुनी माणसे म्हणतात, ‘गाडी ओढत नाही.’ आमच्या सौभाग्यवतींनी तिसराच शब्द वापरला. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘गाडी दमतेय.’

तिने आणखीही काही सांगितले होते. गाडीत कसला तरी कुबट वास येतो. समोरच्या झरोक्यातून वारा सोडला की मांडीवर ज्वारीचे तूस पडते. मी हसलो. ज्वारीचे दिवस होते. सबंध तालुक्यावर तूस उडत होते. ते गाडीत येणार नाही तर कोठे जाणार? शिवाय तूस आणि अश्वशक्ती यांचा संबंध काय? मी त्या वेळी मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेचे अकरा वर्षांत प्रथमच पारायण करीत होतो, आणि तीत तुसाचा कोठेही उल्लेख नव्हता.

या दुखण्याची खरी ओळख आम्हांला मरवड्याहून परत येताना झाली. एका नातलगाकडील बारशाचे जेवण आटोपून आम्ही दोघे तिसऱ्या प्रहरी निघालो होतो. विजापूरकडून येणारा तो रस्ता दुहेरी वाहतुकीचा. कारखान्यांचा हंगाम संपत आलेला. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चाललेले. अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही बराच वेळ होतो. बाहेर आलेली उसाची वाढी जवळजवळ आमच्या काचेला लागत होती. पुढे थोडासा चढ होता, समोर रस्ता मोकळा दिसला, आणि मी गाडी बाहेर काढली.

मागली ट्रॉली ओलांडली. पुढली ट्रॉली निम्मी ओलांडली. आणि तेथे गाडीचा जोर संपला. मी पाय अगदी तळापर्यंत दाबला होता, तरी वेगाचा काटा तिसाच्या आसपास रेंगाळू लागला. इतक्यात चढाच्या माथ्यावर समोरून एस.टी. दिसली. मागे हटावे म्हणून आरशात पाहिले, तर आमच्या मागोमाग आलेल्या एका जीपने आमची मोकळी जागा केव्हाच भरून टाकली होती. उजवीकडे एस.टी., डावीकडे ऊस, मागे जीप. पत्नीने माझा हात धरला नाही की ती ओरडली नाही. तिने फक्त समोरच्या फळीवर दोन्ही तळवे टेकले. त्या तळव्यांचे पांढरे पडलेले पेर मला अजून दिसतात.

आम्ही वाचलो ते माझ्या कौशल्याने नव्हे. ट्रॅक्टरवरच्या पोराने, हो, पोरच ते, वीस-बावीस वर्षांचे, एकदा वळून पाहिले आणि दोन्ही ट्रॉल्यांसकट आपली गाडी कडेच्या मातीत उतरवली. भरल्या ट्रॉल्या अशा खाली घेणे म्हणजे त्या कलंडण्याची तयारी ठेवणेच होय. एस.टी.च्या चालकानेही वेग आवरला, आणि त्या दोघांच्या मधून आमची दमलेली गाडी कशीबशी पार झाली. आम्ही थांबलो नाही. घराशी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, ‘त्या पोराशी थांबून दोन शब्द बोलायला हवं होतं.’

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या प्रकृतीचा विषय गांभीर्याने हाती घेतला. सुशिक्षित मनुष्य गांभीर्याने विचार करू लागला म्हणजे तो प्रथम शहर गाठतो. मीही एका शहरातील मोठ्या कार्यशाळेत गाडी घेऊन गेलो. तेथे वातानुकूलित खोलीत बसवून मला चहा दिला गेला आणि एका तरुणाने गाडीच्या संगणकाला आपले यंत्र जोडून पाहिले. यंत्राने कोणताही दोष दाखवला नाही. तरीही रीतसर स्पार्क प्लग बदलण्यात आले, इंजेक्टर साफ झाले, साडेआठ हजारांचे बिल झाले. परत येताना चढावर गाडी पूर्वीप्रमाणेच दमली. दूरध्वनीवरून मी तक्रार केली तेव्हा पलीकडचा आवाज अतिशय सौजन्याने म्हणाला, ‘सर, गाडीचं वय झालं. इंजिनात आता कुवत राहिली नाही. बदलण्याचा विचार करा.’

कुवत! हा शब्द ऐकताच मला कोठेतरी काटा टोचल्यासारखे झाले. तो काटा कोठला, ते त्या क्षणी ध्यानात आले नाही.

आमच्या गावात रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली एक मिस्त्री बसतो. साठीकडे झुकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याच्याकडे जाण्याची मला कधी गरज पडली नव्हती. म्हणजे खरे सांगावयाचे तर कमीपणा वाटत होता. शेवटी आबांनीच मला तेथे नेले. मी मिस्त्रीला सर्व इतिहास सांगितला. पुस्तिकेत वाचलेले शब्द मधूनमधून पेरले. तो शांतपणे ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने विचारले,

‘कवा?’

‘कवा म्हणजे?’

‘काय हुतंय ते सांगितलं तुमी, सर. कवा हुतंय ते इचारतोय. सकाळच्याला गाडी गार असताना, का तापल्यावर? चढाला, का सपाटीला बी? येकटं असताना, का चार माणसं बसल्यावर?’

मी विचारात पडलो. गाडी गार असो की तापलेली, दमणे सारखेच होते. चढ असला किंवा माणसे जास्त असली म्हणजे ते वाढे. सावकाश चालवली तर मुळीच नसे.

‘मंजी मागणी वाढली की कमी पडतंय,’ तो म्हणाला. ‘बसल्या जागंला बरं हाय. बसल्या जागंला कोण बी बरंच असतंय.’

मग त्याने एकेक संशयित उभा केला आणि एकेकाला निर्दोष सोडून दिले. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, असे होते का? नाही, आवाजही वाढत नाही आणि गाडीही पळत नाही. मग क्लच घसरत नाही. चढावर गाडी हिसके देते का, अडखळते का? नाही, एकसारखी मंद होत जाते. मग ठिणगीचा दोष असण्याचा संभव थोडा. पेट्रोलच्या नळीला दाबाचे घड्याळ लावून त्याने माझ्याकडून इंजिन तापवून घेतले. काटा स्थिर राहिला. मग पंपही गुन्हेगार नव्हे. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी त्याने हात धरला. धूर बाहेर पडावयास अडथळा असेल तरी गाडी अशीच दमते, असे तो म्हणाला. पण हाताला लागणारा झोत त्याला समाधानकारक वाटला.

‘इंजिनला तीनच गोष्टी लागत्यात, सर. पेट्रोल, ठिणगी आन् हवा. दोन बघून झाल्या.’

असे म्हणून त्याने बॉनेटखालच्या एका काळ्या डब्याच्या क्लिपा सोडवल्या. झाकण उचलले. आम्ही तिघेही वाकलो. डब्यात ज्वारी होती.

थोडीथोडकी नव्हे, चांगली दीड-दोन ओंजळ पांढरीशुभ्र मालदांडी, आणि तिच्याभोवती तूस, कडब्याचे बारीक तुकडे, गोणपाटाचे धागे आणि माझ्याच गाडी पुसण्याच्या फडक्याच्या चिंध्या यांचे उबदार घर बांधलेले होते. हवा गाळणारी कागदी घडी तुसाने आणि धुळीने इतकी गच्च झाली होती की उजेडासमोर धरली तरी तीतून किरण येईना. हवा आत येण्याच्या नळीचे तोंडही निम्मे बुजलेले होते. घरमालक कोठे बाहेर गेला असावा. आबा मोठ्याने हसले. ‘दामाजीपंतांच्या गावात,’ ते म्हणाले, ‘उंदरानं बी कोठार घातलं की रं!’

मंगळवेढ्याच्या माणसाला कोठार म्हटले की दामाजीपंत आठवणारच. पंधराव्या शतकातील दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणारा हा अधिकारी. त्याच्यासाठी विठ्ठल स्वतः महाराच्या रूपाने बिदरला पैसे भरावयास गेला, अशी कथा आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आणि ज्वारीचे म्हणाल, तर पाऊस सरल्यावर नुसत्या काळ्या मातीतल्या ओलीवर येथे पिकणारी ही मालदांडी. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या मानांकित धान्याचा साठा पंधरा दिवस मी माझ्या गाडीच्या नाकात घेऊन हिंडत होतो.

नाकात म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि मला मोठी मौज वाटली. आपण समजतो की मोटार पेट्रोलवर चालते. वस्तुतः पेट्रोल नीट जळावयास वजनाने त्याच्या जवळजवळ पंधरापट हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे पाऊण किलो. त्याला अकरा किलो हवा हवी. आणि अकरा किलो हवा म्हणजे सुमारे 9,000 लिटर. जुन्या वाड्यातल्या लहानशा देवघरात मावणारी सगळी हवा एका लिटरमागे हे इंजिन ओढून घेते! टाकी भरताना आपण पंपावरचे आकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण जी वस्तू पंधरापट लागते ती फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

शिवाय ही भूक नेहमी सारखी नसते. इंजिन उभ्या जागी फिरते तेव्हा त्याला अगदी थोडी हवा पुरते. ती तुसाच्या फटींतूनही मिळते. चढावर, भरधाव, ओझे घेऊन जाताना तीच मागणी कितीतरी पटीने वाढते. माणसाचे तरी काय निराळे आहे? स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जीव खाऊन धावणाऱ्या धडधाकट तरुणाला शंभर लिटरही लागतात. म्हणून नाक चोंदलेला मनुष्य आरामखुर्चीत ओळखू येत नाही. तो जिन्यावर ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीकडून कळली, ती मला अधिक विचार करावयास लावणारी होती. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी पडली की पेट्रोल जास्त होई आणि ती मागून काळा धूर ओकून बोंब ठोकी. आजची गाडी शहाणी. हवा किती आली ते तिचा संगणक मोजतो आणि तेवढ्यापुरतेच पेट्रोल सोडतो. हवा निम्मी आली तर पेट्रोलही निम्मे. धूर नाही, दिवा नाही, तक्रार नाही. मिळेल तेवढ्यात भागवावयाचे, हे तिने मुकाट्याने पत्करलेले असते. म्हणूनच त्या मोठ्या कार्यशाळेतील यंत्राला काही दोष दिसला नाही. गाडीच्या लेखी सर्व हिशेब बरोबर होता.

अश्वशक्ती हा शब्द जेम्स वॉटने रूढ केला. आपली वाफेची यंत्रे खपावीत म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने घोड्याच्या कामाचे माप ठरवले : मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. तेव्हापासून आपण प्रत्येक यंत्राच्या अंगी किती घोडे आहेत ते पुस्तकात छापतो. माझ्या गाडीचे घोडे कोठेही गेले नव्हते. अकरा वर्षांनंतरही ते तबेल्यात होते तसेच होते. त्यांच्या नाकपुड्यांत कोणी तरी तूस कोंबले होते, इतकेच. आणि त्यांना पाहून एक सुशिक्षित आवाज म्हणाला होता, ‘कुवत राहिली नाही.’

आता मला तो काटा सापडला.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या दक्षिणेकडील एका कोरडवाहू गावचा मुलगा माझ्या वर्गात होता. आषाढ-श्रावणात तो पहिल्या बाकावर बसे. त्याचे इंग्रजी उच्चार गावठी, पण प्रश्न नेमके. मी त्याच्याविषयी घरी कौतुकाने बोललोही होतो. दिवाळीनंतर तो मागच्या बाकावर गेला. विचारले तर उत्तर देई, पण उशिरा. लिहावयास दिले तर अर्धे सोडून देई. दुसऱ्या सहामाहीत त्याचे गुण इतके खाली आले की मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. मी त्या मुलाची रीतसर तपासणी केली होती. वाचतोस काय, टिपणे काढतोस का, कोणते पुस्तक वापरतोस, सगळे विचारून झाले होते. त्याची उत्तरे समाधानकारक होती. दोष कोठेच दिसत नव्हता. अर्थात दोष मूळ यंत्रातच असला पाहिजे. मी वडिलांना म्हणालो, ‘मुलगा चांगला आहे, पण हा विषय पेलण्याची कुवत त्याच्यात नाही. उगाच वर्षे घालवू नका.’

ते गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. बसा म्हटले तरी बसले नव्हते. ते म्हणाले, ‘तुमी म्हणताय मंजी तसंच आसंल, सर.’ आणि नमस्कार करून गेले. मुलगा पुढल्या वर्षी आला नाही.

दोन वर्षांनी साखर कारखान्यात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बोलता बोलता त्या मुलाचे नाव निघाले. ‘तो होय, सर? हंगाम सुरू झाला की रात्रपाळीला आमच्याकडंच असायचा, उसाच्या काट्यावर. पहाटे सुटला की तसाच कॉलेजला यायचा.’ मी त्या वेळी ‘असं का!’ म्हणून विषय बदलला. ऐकून वाईट वाटले, पण त्यात माझे काही चुकले असे मला वाटले नव्हते. मला कोणी सांगितले नव्हते, हे माझे समाधान होते.

पण मी विचारले तरी कोठे होते? ‘काय होते?’ एवढे मी विचारले होते. ‘केव्हा होते?’ असे विचारले असते, तर जूनपासूनचे गुण माझ्याच वहीत लिहिलेले होते. पावसाळ्यात बरा, दिवाळीनंतर दमतो. परीक्षा आणि हंगाम एकाच वेळी येतात. या तालुक्यात जन्मलेल्या माणसाला त्यापुढचे उत्तर शोधावयास फार विद्वत्ता लागली नसती. रात्री किती वाजता निजतोस, या एका प्रश्नाने डब्याचे झाकण उघडले असते. परंतु तो मुलगा त्या शहाण्या गाडीसारखा होता. जितकी झोप मिळे तितक्याच बेताने तो दिवस काढी. धूर नाही, तक्रार नाही. आणि मी दिवा लागण्याची वाट पाहत बसलेला परीक्षक.

मिस्त्रीने डबा स्वच्छ केला, नवी गाळणी घातली, हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवली. गाळणीचे चारशे आणि हाताचे शंभर, असे पाचशे रुपये त्याने घेतले. ‘या दिसात म्हैन्या-दोन म्हैन्याला डबा उघडून बगत जावा,’ असा सल्ला फुकट दिला. मग गाडी पारखावयास आम्ही माचणूरच्या दिशेने मोठ्या रस्त्याला लागलो. पायाने थोडासाच जोर दिला आणि गाडी अशी उसळली की मागे बसलेल्या आबांची टोपी डोळ्यांवर आली. ‘आरं, दम हाय की हिच्यात अजून!’ ते म्हणाले. भीमेकाठचे सिद्धेश्वराचे देऊळ केव्हा जवळ आले ते कळलेही नाही. मिस्त्री खिडकीबाहेर हात काढून वारा घेत बसला होता. आपण मोठे निदान केले, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

डब्यातली ज्वारी मी कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली होती. पत्नीने पुडी उघडून पाहिली, तूस हातावर घेतले आणि माझ्याकडे पाहिले. ‘मी सांगत होते,’ असे ती म्हणाली असती तर मला सोयीचे झाले असते. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी तिने ती ज्वारी पाखडून गच्चीवर टाकली. सकाळी चिमण्या आणि दोन पारवे तेथे जमले होते. उंदराचे कोठार अखेर खुले झाले, असे मी म्हणालो. तेव्हा ती हसली, आणि मरवड्याच्या रस्त्यानंतर प्रथमच आमच्यात त्या दिवसाविषयी बोलणे निघाले. तो ट्रॅक्टरवाला पोरगाही रात्रभर जागाच असेल का हो, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

त्या जुन्या विद्यार्थ्याला मी चिठ्ठी लिहून त्या मुलाचा ठावठिकाणा विचारला आहे. हंगाम संपल्यामुळे कारखान्यावर माणसे कमी आहेत. चौकशी करून कळवतो, असे त्याचे उत्तर आले आहे. मुलगा सापडला तर त्याला काय सांगावयाचे, हे माझे अजून ठरलेले नाही. गाळणी बदलून ती वर्षे परत येणार नाहीत, एवढे मला कळते. पण त्याच्या वडिलांना मी जो निकाल दिला होता, तो मागे घेणे माझ्या हाती आहे, आणि तो त्यांच्या घरी जाऊन, टोपी नसली तरी उभा राहून, मागे घ्यावा असे मनात आहे.

परवा वर्ग सुटल्यावर तिसऱ्या वर्षातील एक मुलगी पुस्तके आवरीत मागे रेंगाळली होती. गेले काही आठवडे तिचे लक्ष नसते, हे माझ्या ध्यानात आले होते आणि तिच्याविषयी माझे मत बनत चालले होते. मी खडू खाली ठेवला आणि तिला विचारले, ‘हे असं केव्हापासून होतंय, बाळ?’

तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि पुस्तके पुन्हा बाकावर ठेवली.